मऊ बाजूने सुरुवात

मे महिन्यात सोलापुरात सकाळी दहानंतर गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नाही. पारा ४३-४४ वर जातो, बॉनेट तव्यासारखं तापतं आणि त्यावर टाकलेलं कंपाउंड पसरायच्या आत वाळून त्याची खडूसारखी भुकटी होते. म्हणून अक्कलकोट रोडजवळच्या, गाड्या पॉलिश करणाऱ्या एका लहानशा शेडचं शटर साडेसहालाच वर जातं. मी माझी काळी गाडी घेऊन गेलो होतो. गाडी सोडून परत यायचं ठरलं होतं, पण तीन सकाळी तिथेच बसलो. भिंतीवरच्या फळीत उभे करून ठेवलेले गोल पॅड पाहत राहिलो.

गाडीची कथा अशी. वर्षापूर्वी एका ठिकाणी रबिंग-पॉलिश करून घेतलं होतं. संध्याकाळी ताब्यात मिळाली तेव्हा गाडीत चेहरा दिसत होता. तीन-चार वेळा धुतल्यावर एका दुपारी उन्हात उभी असताना पाहिलं, तर बॉनेटभर मशीन फिरलं त्या वाटेने धुरकट पट्टे. वेगाने फिरणारं रोटरी मशीन आणि त्यावर लोकरीचा पॅड. त्यानंतर मऊ पॅडचा जो हात फिरायला हवा होता, तो फिरलाच नव्हता. पॉलिशमधल्या तेलाने ते पट्टे तात्पुरते झाकले होते. तेल धुऊन गेलं, पट्टे वर आले. काळ्या रंगावर तर लपायला जागाच नसते. मला त्या गोष्टीचं खरोखर वाईट वाटलं होतं, आणि पुन्हा तेच व्हायला नको म्हणून या वेळी डोळ्यांसमोर काम करून घ्यायचं ठरवलं.

शेडच्या कारागिराला सगळे अण्णा म्हणतात. ते शहराच्या पूर्व भागातले. वडील आणि आजोबा टॉवेलच्या मागावर होते. सोलापूरच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे हे आपण अभिमानाने सांगतो. अण्णांच्या बोटांत ते कापड अजून आहे. पॅड निवडताना ते आधी त्यावरचा रंग पाहत नाहीत की लेबल वाचत नाहीत. अंगठा आणि दोन बोटांत पॅडची कड धरतात, दाबतात, सोडतात, फोम किती वेळात परत फुगतो ते बघतात. मग तळहात उलटसुलट फिरवतात.

"टॉवेलच की ओ हे," लोकरीचा पॅड माझ्या हातात देत ते म्हणाले.

टेरी टॉवेलच्या मागावर ताणे दोन असतात. एक घट्ट ताणलेला, तो कापडाला धरून ठेवतो. दुसरा ढिला सोडलेला, त्याचे वर फासे येतात. फासा लांब असला की टॉवेल मऊ आणि पाणी पिणारा. लोकरीच्या पॅडला फासे नाहीत, सुटी टोकं आहेत, आणि प्रत्येक टोक कंपाउंडचा कण घेऊन रंगावर घासतं. म्हणून लोकर झपाट्याने कापते. केसांमधून हवा खेळत राहते, त्यामुळे ती फोमपेक्षा कमी तापते. पण मागे स्वतःच्या बारीक रेघा सोडते. फोमला केस नाहीत. त्याला बारीक पोकळ्या आहेत, आणि पोकळ्यांच्या भिंती किती कडक त्यावर त्याचं कापणं ठरतं. मायक्रोफायबरचा पॅड या दोघांच्या मधला: पातळ फोमवर आखूड, दाट लव. फोमपेक्षा जास्त कापतो, पण मऊ रंगावर तोही धुकं सोडतो.

एवढं कळल्यावर मला वाटलं, काळी गाडी खराब आहे म्हणजे आधी लोकर लागणार. अण्णांनी सर्वांत मऊच्या एक पायरी वरचा फोम घेतला. बॉनेटवर चिकटपट्टीने दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन आखला. कोरड्या पॅडच्या सगळ्या तोंडाला आधी पॉलिश चोळून घेतलं, मग वर हरभऱ्याएवढे चार थेंब. मशीन आडवं, मग उभं, एका सेकंदाला बोटाच्या दोन पेरांएवढं पुढे. पुसून बॅटरीचा उजेड तिरपा टाकला. निम्म्या रेघा होत्या तशाच. मग बाटली तीच ठेवून पॅड एक पायरी कडक. पुन्हा बॅटरी. आता पट्टे गेले होते, एक-दोन खोल ओरखडे उरले होते.

"हे राहू द्या," अण्णा म्हणाले. "ह्यांच्या मागं लागलो तर लॅकर जातंय."

यासाठीच मऊ बाजूने सुरुवात. कारखान्यातून आलेल्या गाडीचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन असतो. त्यातला वरचा पारदर्शक थर, ज्याला इथे लॅकर म्हणतात, तो ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही पातळ. त्यातच उन्हापासून रंग वाचवणारी द्रव्यं असतात. सोलापूरच्या उन्हात वर्षभर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला तो प्रत्येक मायक्रॉन हवा असतो. दाराच्या कडेवर आणि बॉनेटच्या उठावदार रेषेवर रंग आणखी पातळ बसतो, तिथे आधी पट्टी लावायची. जुन्या फियाट-अँबेसेडरच्या साध्या रंगावर हा पारदर्शक थरच नसतो. तिथे पॅड गाडीच्या रंगाचा होतो, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. लॅकरच्या गाडीवर पॅडला गाडीचा रंग दिसला, तर मात्र मशीन तिथल्या तिथे बंद.

पॅडच्या रंगांचा घोळ मला अण्णांच्या फळीवर पहिल्यांदा कळला. रूपेस या इटालियन कंपनीचा निळा पॅड त्यांच्या मालिकेत सर्वांत खरखरीत. थ्री-एमचा निळा शेवटच्या चकाकीसाठीचा, सर्वांत मऊ. दोन्ही शेजारी ठेवले होते. एका कंपनीच्या सवयीने दुसरीचा निळा उचलला की बॉनेट गेलंच. म्हणून अण्णांनी प्रत्येक पॅडच्या मागच्या बाजूला मार्करने मराठीत लिहिलंय: कापणारा, मधला, शेवटचा.

आकाराचंही तसंच. बॉनेटला सहा इंची, खांबांना आणि आरशांना तीन इंची. पॅड मशीनच्या तबकडीपेक्षा थोडा मोठाच हवा, नाहीतर तबकडीची कडक कड रंगाला लागते. आणि मला न सुचलेली गोष्ट: जाड, गुबगुबीत पॅड चांगला असेल असं वाटतं, पण अण्णांचं मशीन डीए आहे, त्यात पॅड फिरता फिरता १५ मिलिमीटर हेलकावतो. जाड फोम तो हेलकावा स्वतःच गिळतो. पातळ फोम तो रंगापर्यंत पोहोचवतो. तबकडीच्या कडेला त्यांनी एक काळी रेघ मारून ठेवली आहे. मशीन माझ्या हातात दिलं तेव्हा म्हणाले, "ती रेघ फिरताना दिसली पाहिजे." मी जोर लावला तशी रेघ जागीच थरथरू लागली. पॅड फिरायचा थांबला होता, नुसता हलत होता आणि तापत होता. हात हलका केला, रेघ पुन्हा फिरू लागली.

मुळात हे सगळं करावं लागतं कशामुळे? बहुतेक वेळा पुसण्यामुळे. नळाला पाणी काही दिवसांआड, म्हणून गाडीवर बोअरचं पाणी पडतं. ते उन्हात वाळलं की क्षाराचे गोल डाग उरतात. ते निघावेत म्हणून घरातला जुना, विटलेला टॉवेल घेऊन जोराने घासायचं. विटलेल्या टॉवेलात फासे मेलेले असतात आणि धूळ अडकलेली असते. ज्या गावाने इतका चांगला टॉवेल विणला, तिथल्या गाड्यांवर त्याच्याच म्हाताऱ्या तुकड्यांनी पाडलेल्या रेघांच्या जाळ्या असाव्यात, याची मला चुटपुट लागली. क्षाराच्या डागांवर अण्णा पॅड चालवतच नाहीत, आधी ते विरघळवणारं औषध लावतात.

तिसऱ्या दिवशी गाडी झाली. बॉनेट, छत, चार दारं, डिकी, मिळून अकरा पॅड लागले, कारण एका भागावर चिंब झालेला पॅड दुसऱ्या भागाला चालत नाही. प्रत्येक चौकोनानंतर ब्रशने झाडायचा, तरी मधोमध तो तापतो आणि मागे चिकटवलेला वेल्क्रो सुटतो. शेवटी अण्णांनी सगळे पॅड साध्या गार पाण्यात साबण टाकून धुतले, पिळले नाहीत, तळहातांत दाबले. मग तारेच्या जाळीवर सावलीत तोंड खाली करून मांडले, म्हणजे पाणी वेल्क्रोच्या गोंदाकडे न जाता खाली ठिबकतं. मे महिन्यात ते दुपारपर्यंत वाळतात. पावसाळ्यात दोन दिवस लागतात, म्हणून जूनच्या आधी अण्णा प्रत्येक जातीचे आणखी चार-चार पॅड आणून ठेवतात.