गुळवेल, साखर आणि यकृत

जुळे सोलापुरात सकाळी फिरायला निघालेल्या मंडळींत मधुमेहाचा विषय निघाला, की कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, मेथी अशी यादी सुरू होते. गुळवेलीचे नाव त्यात हमखास असते. तीही कडुनिंबावर चढलेलीच हवी, असा आग्रह. ‘झाडपाल्याने कसला अपाय?’ असे आम्हाला नेहमी विचारले जाते. प्रयोगशाळेत याचे उत्तर कसे शोधतात ते पाहू.

आधी वनस्पतीची ओळख पक्की करतात. मग पांढऱ्या उंदरांना दर किलो वजनामागे 2000 मिलिग्रॅमपर्यंत अर्क एकदाच देऊन 14 दिवस लक्ष ठेवतात. उंदीर जगले म्हणजे औषध निर्धोक ठरले, असे मात्र नव्हे. मधुमेही माणूस औषध वर्षानुवर्षे घेतो. म्हणून 90 दिवसांची चाचणी असते. तीन वेगवेगळ्या मात्रांचे गट आणि अर्क न दिलेला एक गट, प्रत्येकात 10 नर व 10 माद्या, असे 80 उंदीर. शेवटी रक्तातील यकृताची विकरे व क्रिएटिनिन मोजतात, यकृत आणि मूत्रपिंडाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. साखर उतरते का, हा प्रश्न निराळाच. ती खरोखर उतरत असेल, तर नेहमीच्या गोळ्यांबरोबर घेतल्यावर प्रमाणाबाहेर उतरण्याची भीती आलीच.

एवढे करूनही काही निसटते. हजारात एखाद्यालाच होणारा अपाय अर्क मिळालेल्या 60 उंदरांत दिसणार कसा? शिवाय हे उंदीर तरुण आणि निरोगी असतात. असा अपाय माणसांतच उघडकीस येतो, तोही रुग्णाने सांगितले तर. आणि काढ्याला औषध समजून डॉक्टरांना सांगणारे थोडेच.

करोनाच्या साथीत, सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या काळात, मुंबईतील यकृततज्ज्ञांना गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झालेली आढळली. 2022 मध्ये देशातील अनेक केंद्रांनी मिळून अशा 43 रुग्णांची माहिती मांडली. प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटल्याच्या खुणा त्यांतील कित्येकांत होत्या. मुंबईच्या अहवालावर आयुष मंत्रालयाने 2021 मध्येच आक्षेप घेतला होता: रुग्णांनी घेतलेली वनस्पती तपासलेली नाही, ती गुळवेलीसारखी दिसणारी ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’ही असू शकेल. आक्षेप रास्तच, पण दुधारी आहे. मग कुंपणावरची वेल तोडून काढा करणाऱ्याने ती ओळखायची कशी? दोन्हींची पाने हृदयाकृती. क्रिस्पाच्या खोडावर मात्र ठळक टेंगळे असतात.