पाचरीचा तळ

नवी दिल्लीच्या मध्यभागी, जुन्या मकबऱ्यांच्या सावलीत, दिल्ली गोल्फ क्लबचे मैदान पसरलेले आहे. दोन्ही बाजूंनी दाट झुडपे, त्यांतून हिंडणारे मोर आणि मधून जाणारे हिरवळीचे चिंचोळे पट्टे, असे त्याचे रूप. या मैदानावर चेंडू दूर टोलवणाऱ्यापेक्षा नेमका टोलवणाऱ्याचा मान मोठा. आणि नेमकेपणाची खरी परीक्षा होते ती अखेरच्या तीस-चाळीस पावलांत.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांनी असे चित्र डोळ्यांपुढे आणावे. समोर बारीक कातरलेल्या गवताचा गुळगुळीत गालिचा आहे. त्याला ‘ग्रीन’ म्हणतात. त्यात १०८ मिलिमीटर व्यासाचे एक भोक आहे. खेळाडूचा चेंडू ग्रीनच्या बाहेर, उंच गवतात पडलेला आहे आणि मध्ये वाळूचा एक खड्डा आडवा आला आहे. चेंडू घरंगळत नेला तर तो वाळूत रुतेल. जोराने मारला तर ग्रीन ओलांडून पलीकडच्या झुडपात जाईल. तो उंच उडाला पाहिजे, हलकेच उतरला पाहिजे आणि उतरताच थबकला पाहिजे. एकाच टोल्याकडून या तीन अपेक्षा आहेत. त्या पुऱ्या करण्यासाठी जो दंड घडवला गेला त्याला ‘वेज’ म्हणतात. वेज म्हणजे पाचर. नाव आकारावरून पडले आहे.

दूरच्या टोल्याचा दंड सुमारे ४५ इंच लांब असतो. वेज जेमतेम ३५ इंचांची. उलट तिचे पोलादी डोके मात्र जड, सुमारे ३०० ग्रॅम वजनाचे. दांडा आखूड, म्हणून हात जमिनीजवळ येतो आणि नेम साधतो. डोके जड, म्हणून गवताच्या विळख्यातूनही ते अडखळत नाही.

आता डोक्याचा दर्शनी भाग पाहू. हा पृष्ठभाग उभा नसून मागे कललेला असतो. या कलाला ‘लॉफ्ट’ म्हणतात. साध्या वेजचा कल ४६ अंशांच्या आसपास, वाळूतल्या वेजचा ५४ ते ५८ अंश आणि सर्वांत कललेल्या वेजचा सुमारे ६० अंश असतो. कल जितका अधिक, तितका चेंडू उंच चढतो आणि तितका कमी पुढे जातो. शिवाय, कललेल्या पृष्ठावरून वर सरकताना चेंडूला उलटी गिरकी मिळते. पोलाद आणि चेंडू यांचा स्पर्श एका सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो. पण तेवढ्यात कसलेल्या खेळाडूच्या पूर्ण टोल्याने चेंडूला मिनिटाला नऊ-दहा हजार फेऱ्यांची गती येते. ग्रीनवर टेकलेला चेंडू पुढे न धावता जागीच का थांबतो, याचे रहस्य या गिरकीत आहे.

पृष्ठभागावर आडव्या खाचा कोरलेल्या असतात. चेंडू आणि पोलाद यांच्यामध्ये ओले गवत आले की दोघांची पकड सुटते आणि गिरकी मंदावते. मोटारीच्या टायरवरील नक्षी जशी रस्त्यावरचे पाणी बाजूला सारते, तशा या खाचा गवताचा रस आणि दहिवर यांना वाट करून देतात. खाचा जितक्या खोल आणि त्यांच्या कडा जितक्या तीक्ष्ण, तितकी पकड घट्ट. परंतु येथे न्यायाचा प्रश्न उभा राहिला. उंच गवतात चेंडू घालवणाऱ्याला त्या चुकीची शिक्षा मिळावी, हा खेळाचा दंडक. खाचा ती शिक्षाच माफ करू लागल्या. म्हणून २०१० सालापासून वरच्या स्पर्धांत नवे नियम लागू झाले. खाचांची रुंदी आणि खोली यांवर पूर्वीपासून मर्यादा होतीच. आता खाचांच्या एकूण आकारमानावरही बंधन आले आणि कडा ठरावीक प्रमाणात बोथट असाव्यात असे ठरले. उपकरणाने माणसाचे कौशल्य वाढवावे, पण त्याची चूक पुसून टाकू नये, हे त्यामागील तत्त्व.

येथवर जे सांगितले ते डोळ्यांना दिसते. पण वेजचा खरा जीव दडलेला आहे तो तिच्या तळात. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभी वाळूतून चेंडू काढण्यासाठी ‘निब्लिक’ नावाचा दंड वापरीत. त्याची खालची धार पातळ होती. ती वाळूत शिरे आणि नांगराच्या फाळासारखी खोल खोल जाई. चेंडू जागीच राही. १९३० च्या सुमारास बशीसारख्या खोलगट पृष्ठाचा एक दंड निघाला. पण एका टोल्यात चेंडूला दोनदा स्पर्श होण्याचा संभव म्हणून १९३१ साली त्यावर बंदी आली.

यावर तोड काढली ती अमेरिकन खेळाडू जीन साराझेन याने. विमान वर चढते तेव्हा त्याच्या शेपटीची झडप कशी काम करते हे पाहून त्याला कल्पना सुचली. त्याने निब्लिकच्या तळाला मागच्या बाजूने धातूचा थर डाखून जोडला आणि कानशीने घासून त्याला आकार दिला. परिणामी तळाचा मागचा भाग पुढच्या धारेपेक्षा खाली आला. तळ्याच्या पाण्यावर तिरकी फेकलेली खापरी जशी बुडत नाही, टप्पे घेत जाते, तसा हा दंड वाळूत न रुतता तिच्या थराखालून सरकू लागला आणि वाळूच्या उशीवर चेंडू अलगद वर येऊ लागला. १९३२ साली इंग्लंडमधील प्रिन्सेसच्या मैदानावर साराझेनने ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकली ती हा दंड घेऊन.

धारेपासून तळ जितका खाली उतरतो त्या कोनाला ‘बाउन्स’ म्हणतात. तो साधारणतः ४ पासून १४ अंशांपर्यंत ठेवतात. रचनाकाराची खरी अडचण येथूनच सुरू होते. भुसभुशीत वाळूत आणि ओल्या मातीत मोठा बाउन्स तारक ठरतो. पण टणक जमिनीवर तोच घात करतो. तळ आपटून उसळतो, धार वर उचलली जाते आणि चेंडूच्या पोटाखाली शिरण्याऐवजी त्याच्या कमरेवर बसते. मग चेंडू उडत नाही, जमिनीलगत सुसाट सुटतो. बाउन्स कमी करावा तर टणक भूमीवर काम साधते. पण पहिला पाऊस पडताच धार मातीत घुसते.

दिल्लीचे हवामान या अडचणीचे मूर्तिमंत उदाहरणच आहे. मे-जूनच्या उन्हात, पाणी दिले तरी, हिरवळीच्या कडेची भूमी टणक होते. जुलैच्या पावसाने तीच मऊ पडते. हिवाळ्यात पहाटे सर्वत्र दहिवर असते. या मैदानांवर जे गवत प्रामुख्याने लावतात ते आपल्याकडील हरळीच्याच कुळातले; ऊन आणि तुडवणे सोसणारे, पण थंडीत पिवळे पडून विरळ होणारे. भूमीही सर्वत्र सारखी नाही: गुरुग्राम अरवलीच्या पायथ्याशी, तर नोएडा यमुनेच्या गाळाच्या सपाटीवर. एकच वेज या सर्व ठिकाणी आणि सर्व ऋतूंत सारखी चालेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय. आणि नियमाने खेळाडूला एकूण १४ दंडच बरोबर नेता येतात; म्हणून प्रत्येक जमिनीसाठी वेगळी वेज बाळगणेही शक्य नाही.

यातून रचनाकारांनी एक मधला मार्ग काढला. वेजचे पृष्ठ आकाशाकडे अधिक उघडले की बाउन्स वाढतो. हात पुढे झुकवून मारले की तो घटतो. म्हणून तळाची टाचेकडची आणि मागची कड घासून कमी करतात. मग पृष्ठ उघडूनही धार जमिनीला धरून राहते आणि एकाच दंडातून दोन-तीन दंडांची कामे निघतात. अर्थात ती काढायची कोणी, हा प्रश्न उरतो. पोलाद फक्त शक्यता देते. निवड हाताने करायची असते.

दिल्ली गोल्फ क्लबमध्ये दुसऱ्यांच्या पिशव्या वाहणाऱ्या कॅडींमधून पुढे आलेले अली शेर १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरले, आणि १९९३ साली त्यांनी ती पुन्हा जिंकली. कॅडीचे काम केवळ ओझे वाहण्याचे नसते. कोणत्या कोपऱ्यात माती भुसभुशीत, कोठे वाळूचा थर पातळ, सकाळचे दहिवर किती वेळ टिकते, हे त्याच्या तळपायांना ठाऊक होत जाते. वेजचा तळ घासणारा कारागीर ज्या प्रश्नाचे उत्तर शोधतो, त्याच प्रश्नाचे उत्तर कॅडी रोज पायाखाली तुडवीत असतो. चेंडू उडतो आकाशात. पण तो कोठे उतरणार याचा निर्णय त्याच्या आधी खाली, मातीत होऊन गेलेला असतो.