शहरातला पहाटेचा फेरफटका

मंडळी, 'सकाळी फिरायला जाणे' हे शब्द खेड्यातल्या माणसाला अजूनही थोडे गमतीचे वाटतात. ज्याला उजाडायच्या आत वावराची वाट धरायची असते, तो म्हणेल, "नुसतं चालायसाठी चालायचं? हे काय काम झालं?" त्याचे म्हणणे खोटे नाही. त्याचे चालणे कामातच होऊन जाते. शहरातल्या माणसाला मात्र त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागतो.

मग शहराच्या या हौसेशी आपला काय संबंध? तर असा, की आपल्यापैकी पुष्कळांना अमरावती-अकोल्यास यावेच लागते. कुणाला दवाखान्याचे काम, कुणाला कोर्टाची तारीख, कुणाचा मुलगा खोली करून शिकतो आहे. पहिल्या एसटीने माणूस सातला उतरतो आणि कचेरी उघडेपर्यंत फलाटावरच्या बाकड्यावर पेंगत बसतो. हे दोन-तीन तास म्हणजे शहराची सर्वांत चांगली वेळ असते, आणि नेमकी तीच फुकट जाते. या वेळेत पायी फिरले तर पैशावाचून काय काय मिळते, ते आज सांगायचे आहे.

आधी वेळेचे पाहू. आपले घड्याळ ज्या रेखांशावर लावलेले आहे, तो वऱ्हाडाच्या पूर्वेला आहे. अमरावतीचा सूर्य त्या मानाने सुमारे 19 मिनिटे मागे, तर अकोल्याचा सुमारे 22 मिनिटे. मे महिन्याच्या अखेरीस आपल्याकडे सूर्य साधारण पावणेसहाच्या आत उगवतो, तर जानेवारीत सात वाजायला येतात. रात्रभर जमीन आपली ऊब आकाशाकडे सोडत असते, म्हणून सर्वांत गार वेळ मध्यरात्रीची नसते. ती सूर्योदयाच्या आगेमागे असते. वैशाखात ज्याला गारवा पाहिजे, त्याने तेवढाच तास धरावा. हिवाळ्यात मात्र थोडे ऊन्ह वर येऊ द्यावे. थंड, जड हवा जमिनीलगत साचून राहते आणि चुलीचा, शेकोटीचा, मोटारींचा धूर तिच्यातच अडकून पडतो.

आता चालू लागा. अमरावतीच्या जुन्या वस्तीत गेलात तर परकोट लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस, पेंढाऱ्यांच्या धास्तीने, निजामाच्या राजवटीत हा दगडी कोट बांधला गेला. त्याला पाच दरवाजे आणि चार खिडक्या होत्या. दिवसा त्या दरवाज्यातून जाताना मान वर करायची सोय नसते. मागून हॉर्न वाजत असतो. सकाळी सहाला मात्र कमानीखाली क्षणभर उभे राहता येते, दगडावर हात ठेवता येतो. तिथून अंबादेवी आणि एकवीरादेवी जवळच. देवळाबाहेर फुलवाल्या बायका हार ओवत बसलेल्या असतात, आणि तो मोगऱ्याचा वास पुढच्या वळणापर्यंत आपल्याबरोबर येतो.

हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या बाजूला गेलात तर वेगळा आनंद. 1914 साली निघालेल्या या संस्थेच्या खेळाडूंनी 1936 साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. मल्लखांबावर चढणारे एखादे पोर पाहावे आणि मनात म्हणावे, हे सारे आपल्या वऱ्हाडच्या मातीतून तिथवर गेले!

सिमेंटच्या रस्त्यावरून वडाळी तलावाकडे निघालात तर आणखी एक गंमत अंगालाच कळेल. दगड-सिमेंट दिवसभराचे ऊन्ह पोटात धरून ठेवते आणि पहाटेपर्यंत सोडत राहते. भरवस्तीतून मोकळ्या जागी आलो, की कानशिलाला एकाएकी गार वाटते. चैत्रात तर कडुनिंब फुललेला असतो. त्याचा तो मधुर, किंचित कडसर वास दुपारी धुळीत हरवून जातो. पहाटे तो रस्ताभर असतो.

आणि पाखरे! उन्हाळ्याच्या सुरुवातीला विजेच्या तारेवर बसून एक काळा-पांढरा पक्षी शीळ घालताना ऐकू येईल. तो दयाळ. पहाटे वारा पडलेला, रस्ता शांत, म्हणून त्याचा आवाज दूरवर जातो. शहरच्या गोंगाटाचा पाखरांना खराच त्रास होतो. हॉलंडमधल्या लायडन शहरात चिमणीएवढ्या एका पक्ष्याचा अभ्यास झाला. तो 2003 साली प्रसिद्ध झाला. गोंगाटाच्या जागी राहणारे नर वरच्या पट्टीत गातात, असे त्यात आढळले. मोटारींच्या घरघरीवर मात करण्यासाठी बिचाऱ्यांना सूर चढवावा लागतो. आपला दयाळ ऐकताना ही गोष्ट आठवावी.

फिरता फिरता आणखी एक माणूस भेटेल, रस्ता झाडणारा. आपल्याला जी स्वच्छ पहाट भेटते, ती त्याने आपल्याआधी उठून केलेली असते. ज्या गाडगेबाबांनी हातात झाडू घेऊन गावोगाव सफाई केली, त्यांचा देह 20 डिसेंबर 1956 रोजी वलगावजवळ पेढी नदीकाठी पडला, आणि त्यांची समाधी अमरावतीतच आहे. तेव्हा त्या झाडणाऱ्याला "रामराम दादा" म्हणावे, आणि चहाचा कागदी पेला त्याने नुकत्याच झाडलेल्या जागी टाकू नये. एवढे झाले की मग आलूबोंडा खायला हरकत नाही.

आता अकोल्याकडे वळू. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडीत घेऊन भाविक रातोरात पायी राजराजेश्वराला येतात. अकोल्याला पायी चालण्याची ही मोठी परंपरा. पण गावातून वाहणाऱ्या मोर्णेचे काय? ती जलकुंभीने आणि कचऱ्याने भरून गेली होती. 13 जानेवारी 2018 रोजी हजारो नागरिक काठावर उतरले आणि त्यांनी हातांनी ती वनस्पती ओढून काढली. त्या कामाचे कौतुक देशभर झाले. परंतु जलकुंभी अशी चिवट, की हवा मानवली तर पंधरवड्याच्या आसपास दुपटीने पसरते. एक दिवसाची मोहीम तिला पुरत नाही. तिला रोज पाहणारे डोळे लागतात.

मला जे सांगायचे, ते इथेच आहे. मोटारीतून जाणाऱ्याला नदी म्हणजे पुलावरचा एक झटका. पायी जाणाऱ्याला ती काल कशी होती, आज कशी आहे, हे कळते. ज्या कडुनिंबाखाली आपल्याला गार वाटले, त्याच्यावर कुऱ्हाड पडली तर आपल्यालाच आधी समजते, आणि चार माणसांना घेऊन विचारायला आपणच जातो. सकाळचे हे बारीकसारीक सुख ज्याने घेतले, त्याला त्या जागेची काळजी घ्या म्हणून सांगावे लागत नाही. अशी माणसे कमी झाली, की झाडे आणि नद्या मुकाट्याने जातात, आणि गेल्याचे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. आठवड्यातून एक दिवस पहिल्या तासाला मुलांना एवढेच विचारावे, "शाळेत येताना आज नवीन काय पाहिलं?" पहिल्या दिवशी मुले गप्प बसतील. दुसऱ्या आठवड्यात कुणी सुगरणीचा खोपा सांगेल, कुणी बंद पडलेला नळ, कुणी नाल्यात टाकलेले प्लास्टिक. त्याची एक वही ठेवावी. वर्षाअखेर ती वही म्हणजे तुमच्या गावाचा इतिहासच होईल, आणि त्यातल्या दोन-चार नोंदी ग्रामपंचायतीपुढे ठेवण्याजोग्या निघतील.

आणि पुढच्या खेपेला पहिल्या गाडीने शहरात आलात, तर पिशवी खांद्याला लावून तासभर पायी फिरून या. कचेरी काही पावणेदहाच्या आधी उघडत नाही.