वाघ व चंदन : एकाच यादीतील दोन नोंदी



श्री लक्ष्मीनारायणस्वामींच्या गंधासाठी उगाळले जाणारे चंदन आणि पैनगंगेपलीकडील टिपेश्वर अभयारण्यातून अधूनमधून आपल्या जिल्ह्यात उतरणारा वाघ, या दोहोंची नावे आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या लाल यादीत आहेत. वाघ ‘संकटग्रस्त’ श्रेणीत आहे, तर चंदन त्याच्या एक पायरी अलीकडे, ‘असुरक्षित’ श्रेणीत.

शास्त्रीय वर्गीकरणात वाघ हा सस्तन वर्ग, मांसभक्षी गण व मार्जार कुलातील प्राणी असून त्याचे नाव पँथेरा टायग्रिस होय. श्वेतचंदन म्हणजे सँटॅलम आल्बम. त्याच्या कुलास चंदन कुल असेच म्हणतात. रक्तचंदन मात्र केवळ नावाचे चंदन आहे. ते शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या कुलातील, आपल्या रानातील बिबळ्याचे जवळचे भावंड. नैसर्गिकरीत्या ते पूर्व घाटाच्या दक्षिण भागातच, मुख्यत्वे आंध्र प्रदेशात आढळते आणि लाल यादीत वाघाच्याच श्रेणीत आहे. पूजासाहित्य खरेदी करताना हा भेद ध्यानी असावा.

वाघास विस्तीर्ण रान लागते. 2019 साली टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ आदिलाबादच्या रानातूनही फिरत सुमारे 1300 किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. चंदन जागचे हलत नाही, परंतु तेही एकटे जगत नाही. ते अर्धपरोपजीवी असून शेजारच्या झाडांच्या मुळांतून पाणी व क्षार घेते.

वाघास 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. आपल्या जवळील कवाल 2012 मध्ये व्याघ्र राखीव क्षेत्र झाले. देशातील वाघांची अंदाजित संख्या 2006 मध्ये 1411 होती, ती 2022 मध्ये 3682 झाली.

चंदनाचे नियमन मुख्यतः राज्यांच्या वन कायद्यांनी होते. सुगंध गाभ्यात व मुळांत असल्याने चोर झाड मुळासकट उपटतो. कर्नाटकात पूर्वी स्वतःच्या शेतातील चंदनही सरकारचे असे. मग ते लावण्याचा उत्साह कोणास राहणार? 2001 साली तेथे कायदा बदलून मालकी लावणाऱ्यास मिळाली. आमच्या मते हा बदल फार आधी व्हावयास हवा होता.

ज्यांना बांधावर चंदन लावावयाचे असेल त्यांनी रोपाशेजारी प्रथम तूर व पुढील काळासाठी करंज लावावा. तोड व वाहतुकीपूर्वी वन विभागाकडे नियमांची चौकशी अवश्य करावी.

— सचिव