खारी हवा, उन्हाळा व दुभती जनावरे

अलिबाग-रेवदंड्यापासून मुरूड-श्रीवर्धनपर्यंतच्या रायगड किनाऱ्यावर दुभती जनावरे बाळगणाऱ्या कास्तकारांत एक समजूत दृढ आहे. खरा उन्हाळा देशावरचा. समुद्राकाठच्या गुरांना त्याची झळ ती कितीशी? तथापि चैत्र लागताच संकरित गाईचे दूध उतरू लागते, ती आंबोणाकडे पाठ फिरविते व रेतन करूनही गाभ धरीत नाही, हाही अनुभव याच कास्तकारांचा आहे. ऐन उन्हाळ्यात दूध घटावे आणि पुढचे वेतही लांबावे, हे नुकसान लहान नव्हे. त्याचे मूळ केवळ उष्णतेत नसून हवेच्या दमटपणात आहे.

गाय अंगातील उष्णता घाम व श्वास यांवाटे बाहेर टाकते. घाम वाळेल तेव्हाच अंग निवते. हवाच बाष्पाने भरलेली असेल, तर तो वाळावा कसा? पशुविज्ञानात उष्णता व आर्द्रता यांचा एकत्र हिशेब करणारा निर्देशांक वापरतात. तो ७२ च्या वर गेला की विलायती रक्ताच्या भरदुधी गाईस त्रास सुरू होतो. देशावर ४० अंश सेल्सिअस उष्णता व २० टक्के आर्द्रता असता हा आकडा सुमारे ८४ येतो. किनाऱ्यावर अवघी ३३ अंश उष्णता, परंतु ७५ टक्के आर्द्रता असता तो सुमारे ८७ भरतो. शिवाय देशावरील रात्र बरीच गार पडते. येथील रात्र जनावरास तशी विश्रांती देत नाही. म्हशीची कातडी काळी, केस विरळ व घर्मग्रंथी गाईहून कमी. म्हणून डुंबणे ही तिची चैन नव्हे, गरज आहे.

यावरून उपायाची दिशा ठरते. गोठ्यास ओली गोणपाटे बांधणे हा कोरड्या मुलखातील उत्तम उपाय होय. परंतु आपल्याकडील कोंदट गोठ्यात त्याने दमटपणा मात्र वाढतो. येथे प्रथम वारा हवा. जनावराचे अंग कातडीपर्यंत भिजवावे, मग पाणी थांबवून वाऱ्याने वा पंख्याने वाळू द्यावे, आणि पुन्हा भिजवावे. तुषारांचे नुसते धुके उपयोगी नाही.

दुपारचा खारा वारा पश्चिमेकडून येतो, आणि पावसाची झड थोपविण्याकरिता नेमकी तीच बाजू पुष्कळ गोठ्यांत कायमची बंद केलेली असते. तेथे भिंतीऐवजी झावळ्यांचे विणलेले झाप लावावेत. पावसाळ्यापूर्वी बांधावेत व दिवाळीनंतर सोडावेत. उतरते ऊन आत येऊ नये म्हणून त्या बाजूस मांडव पुढे काढावा. पत्र्याच्या छपरावर पेंढा वा झावळ्या पसराव्यात. नारळी-पोफळीच्या वाडीत सावली दाट असली तरी वारा अडतो, हेही ध्यानात ठेवावे.

पचनातही उष्णता निर्माण होते. म्हणून पेंढा व इतर वैरण मुख्यतः सायंकाळनंतर व पहाटे घालावी. हिरवा चारा, मीठ व खनिज मिश्रण द्यावे. पाणी सावलीत, अहोरात्र समोर असावे. दुभती गाय उन्हाळ्यात दिवसाला ६० ते १०० लिटरही पिते.

थर्मामीटर नसला तरी जनावराची कूस पाहता येते. विसाव्यात असता मिनिटास ६० हून अधिक श्वास मोजल्यास सावध व्हावे. ८० च्या वर गेल्यास लगेच अंग भिजवून वारा घालावा. तोंड उघडून, जीभ काढून धापा टाकू लागल्यास पशुवैद्यास बोलावण्यात विलंब करू नये.

कोकण कपिला या आपल्या गाईला २०१८ साली स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळाली. ती दूध थोडे देते, पण ही हवा सोसते. संकरित गाय घेणाऱ्याने घेऊ नये असे नाही. मात्र दुधाचा हिशेब मांडताना वारा, पाणी व छप्पर यांचा खर्चही त्यात धरावा, आणि गोठ्याची पश्चिम बाजू उघडल्याविना गाय दारी आणू नये.