चित्रचौकटीबाहेरचा माळ

निसर्गचित्र म्हणजे भूप्रदेशाची जशीच्या तशी नोंद, असा समज रूढ आहे. वस्तुतः चित्रकार प्रथम स्थळ निवडतो. आणि ही निवड त्याच्या संस्काराने बरीचशी आधीच ठरलेली असते. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स (१७४७–१७९५) याचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

वेल्स १७९१ मध्ये मुंबईस आला आणि पुढील वर्षी इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने पुण्यास पोचला. सवाई माधवराव, नाना फडणवीस यांची त्याने काढलेली व्यक्तिचित्रे अभ्यासकांस परिचित आहेत. त्याच्या दृश्यचित्रांचे दोन प्रमुख संच मरणोत्तर प्रसिद्ध झाले : मुंबई व तिच्या परिसराची बारा दृश्ये (१८००) आणि टॉमस डॅनिएलच्या देखरेखीखाली कोरलेली वेरूळ लेण्यांची चोवीस दृश्ये (१८०३).

या संचांत समुद्र आहे, बेटे आहेत, कातळ व पुरातन शिल्पे आहेत. तत्कालीन इंग्रजी अभिरुचीस हेच मानवत असे. विल्यम गिल्पिनने १७९२ च्या निबंधांत खडबडीत, तुटक रेषांच्या दृश्यांस चित्रयोग्य ठरविले होते. पुढे गर्द सावली, कडेला वृक्ष, मध्ये पाणी आणि दूर डोंगर, ही रचना तर क्लोद लोरँपासून चालत आली होती. हॉलंडच्या फ्रान्स पोस्टनेही ब्राझीलची (१६३७–१६४४) बहुतेक दृश्ये मायदेशी परतल्यावर, अग्रभागी वनस्पतींची मांडणी करून रंगविली.

मुंबई आणि वेरूळ यांच्यामधील पठारास या संचांत स्थान नाही. पुणे प्रांताबरोबर शहाजीराजांच्या जहागिरीत असलेला सुपे परगणा याच पर्जन्यछायेतील पठारावर आहे. तेथे ना कडा, ना तळे; चित्रचौकटीस आधार देणारे काहीच नाही. परंतु जेथे त्या दृष्टीस रिक्तता दिसली असती, तेथे मराठीने सूक्ष्म भेद केले आहेत. उघडा उंचवटा तो माळ, उथळ खडकाळ जमीन ती बरड, गवतासाठी राखलेले ते कुरण, गावच्या गुरांचे ते गायरान, आणि नांगराविना राहिलेली ती पडीक. वसाहतकालीन महसुली परिभाषेने यांतील बरेचसे भेद ‘वेस्ट’ या एकाच शब्दात बुडविले.

हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नव्हे. ज्यास ओसाड म्हटले जाते, त्याचे रक्षण कोणी करीत नाही. सुप्याजवळील अशाच माळरानास १९९७ मध्ये मयूरेश्वर अभयारण्याचा दर्जा मिळाला; तेथे चिंकारा चरतात. चित्रांतून प्रदेशाचा इतिहास वाचणाऱ्याने, म्हणून, चित्रात काय आहे याबरोबरच काय वगळले आहे हेही विचारले पाहिजे. त्या वगळलेल्याचा शोध पुष्कळदा स्थानिक शब्दांतच लागतो.