साग आणि खत: समज, गैरसमज

उसाच्या बांधावर लावलेला साग सरसर वाढतो आणि शेजारच्या माळावरचा त्याच वयाचा साग काठीसारखा राहतो. पाहणारा म्हणतो, "उसाचं खत मिळालं ना त्याला!" पण बांधावरच्या झाडाला खताबरोबर खोल माती, पाटाचं पाणी आणि मोकळं ऊनही मिळालेलं असतं. यात खताचा वाटा किती, हे कळलं तर वाया जाणारा पैसा वाचतो.

गैरसमज : जितकं खत, तितकी वाढ.

वस्तुस्थिती : ज्या घटकाची टंचाई सर्वांत जास्त, तोच वाढ अडवून धरतो, बाकीचे कितीही ओतले तरी उपयोग नसतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १९ व्या शतकात हा नियम सर्वदूर पोहोचवला. सागाला खोल, चांगल्या निचऱ्याची, चुना असलेली जमीन मानवते. सामू (पीएच) साधारण ६.५ ते ७.५. पाणी साचणाऱ्या चिकण जमिनीत मुळांचाच श्वास कोंडतो, तिथं खत काय करणार? कोकणातल्या जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत घातलेलं स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियम धरून ठेवतात, झाडाच्या वाट्याला थोडंच येतं. अशा ठिकाणी माती तपासून आधी चुन्याचा विचार करावा लागतो.

गैरसमज : जंगलातल्या सागाला कोण खत घालतं? मग लागवडीला कशाला?

वस्तुस्थिती : जंगल आपलं खत आपणच फिरवतं. पानगळीआधी साग पानांतलं बरंचसं नत्र, स्फुरद आणि पालाश परत ओढून घेतो. कॅल्शियम मात्र पानातच राहतं आणि पाचोळा कुजला की मातीत परततं. लागवडीत ओंडके सालीसकट बाहेर गेले की सालीतलं कॅल्शियमही जातं. पाचोळा पेटवला तर नत्र धुराबरोबर उडून जातं.

काही जमिनी तर मुळातच निकस असतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पाइनच्या लागवडी खुरटत होत्या. तिथं स्फुरदाबरोबर जस्ताचीही कमतरता असल्याचं १९३० च्या दशकात उलगडलं. सुपरफॉस्फेट आणि जस्ताच्या फवारणीनं झाडं सावरली. नेमकी उणीव सापडली, म्हणून खत लागू पडलं.

गैरसमज : खत कधीही, कसंही घातलं तरी चालतं.

वस्तुस्थिती : जडी (छाटलेल्या रोपाचा मूळखुंट) लावल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षं महत्त्वाची. तेव्हा मुळं आखूड असतात आणि तण जोरात. निंदणी न करता टाकलेलं नत्र आधी गवतच खातं. युरिया जमिनीवर नुसता फेकला तर त्यातलं नत्र अमोनिया होऊन उडतं. म्हणून ओल असताना, बुंध्यापासून थोडं दूर, मातीत मिसळून द्यावा. पुढं झाडांचे शेंडे एकमेकांना भिडले की उन्हासाठी चढाओढ सुरू होते. मग खतापेक्षा विरळणीची गरज मोठी. विरळणीनंतर राहिलेल्या झाडांना जागा मिळते, तेव्हा दिलेलं खत पुन्हा कामी येऊ शकतं.

गैरसमज : खतावर वाढलेला साग पोचट निघतो.

वस्तुस्थिती : वार्षिक वलयं रुंद असली म्हणून सागाचं लाकूड कमजोर ठरत नाही. फरक पडतो तो वयानं. कोवळ्या झाडात बाहेरचं पांढरं लाकूड जास्त आणि गडद गाभा कमी असतो. कीड आणि वाळवी पांढऱ्या लाकडाला लवकर लागते. टिकतो तो गाभा. खत खोड जाड करील, पण झाडाचं वय वाढवणार नाही.

गैरसमज : भरपूर खत द्या, १५-२० वर्षांत करोडपती व्हा.

वस्तुस्थिती : १९९० च्या दशकात अशी स्वप्नं दाखवून सागाच्या गुंतवणूक योजना देशभर विकल्या गेल्या, अनेकांचे पैसे बुडाले. सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी सेबीनं १९९९ साली नियम केले. सागाचा भाव घेर, लांबी आणि गाभा पाहून ठरतो. वनखात्यांच्या लागवडीत साग पारंपरिकरीत्या ५० ते ८० वर्षं राखला जातो, तो यासाठीच.

तेव्हा माळावर साग लावायचा असेल तर पोतं आणण्याआधी कुदळ आणा. दोन-तीन ठिकाणी खड्डे खणा. हातभर खाली मुरूम लागला, किंवा पावसानंतर खड्ड्यात पाणी तसंच राहिलं, तर त्या जागी दुसरं झाड शोधणं बरं. माती खोल निघाली, तर तिचा नमुना तपासायला द्या आणि उणीव दिसेल तेवढंच खत घाला.